मधुमेही पायाची जखम आणि रक्तातील साखर : सौदी अरेबियातील मराठी कुटुंबांनी काय जाणावे

मधुमेही पायाला झालेली जखम बहुधा दुखत नाही आणि तिचा खरा धोका तेथूनच सुरू होतो. बुटात अडकलेला खडा, नव्या चपलेचा पट्टा, तापलेल्या फरशीचा चटका किंवा नखे कापताना लागलेली कात्री अशा क्षुल्लक कारणाने कातडी फाटते. पायाची जाणीव मंदावलेली असल्यामुळे माणूस त्याच पायावर चालत राहतो. मोज्यावर डाग दिसतो किंवा दुर्गंधी येऊ लागते, तोवर जखम खोलवर गेलेली असते. जगात दरवर्षी सुमारे १ कोटी ८६ लाख लोकांना अशी जखम होते, असा अंदाज आहे. ज्या मधुमेहींचा पाय किंवा पायाचा काही भाग कापावा लागतो, त्यांपैकी सुमारे ८० टक्के रुग्णांत सुरुवात अशाच जखमेने झालेली असते.

या जखमेबाबत रुग्ण आणि नातेवाईक यांच्यात एक समजूत रूढ आहे : आधी साखर खाली आणावी, मग जखम आपोआप भरेल. ही समजूत अर्धी खरी आहे. साखर आटोक्यात आल्याशिवाय जखम नीट भरत नाही. परंतु केवळ साखर आटोक्यात आली म्हणूनही ती भरत नाही. साखरेची तीन महिन्यांची सरासरी सुधारण्यास तीन महिने लागतात, तर संसर्ग हाडापर्यंत पोहोचण्यास काही दिवस पुरतात. या दोन वेळापत्रकांतील फरक वेळीच न उमगल्यामुळे अनेकांना पाय गमवावा लागतो.

सौदी अरेबियातील स्थिती

आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाच्या २०२१ च्या अहवालानुसार सौदी अरेबियात सुमारे ४३ लाख प्रौढांना मधुमेह आहे. प्रौढ लोकसंख्येत हे प्रमाण १७.७ टक्के, म्हणजे साधारणतः सहा जणांत एक इतके पडते. सरकारने २०१७ मध्ये शीतपेयांवर ५० टक्के आणि ऊर्जापेयांवर १०० टक्के अबकारी कर लावला. डिसेंबर २०१९ पासून इतर साखरयुक्त पेयेही या कराच्या कक्षेत आली.

पायाच्या विकारांचे चित्र रियाधच्या किंग सौद विद्यापीठातील मधुमेह केंद्राच्या संशोधकांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासातून स्पष्ट होते. राष्ट्रीय मधुमेह नोंदणीतील ६२,६८१ रुग्णांच्या या पाहणीत ३.३ टक्के रुग्णांना पायाचे गंभीर विकार आढळले. त्यांत जखमांचे प्रमाण २.०५ टक्के, तर अवयव कापावा लागल्याचे प्रमाण १.०६ टक्के होते. धोका वाढवणाऱ्या घटकांमध्ये मज्जातंतूंचा आणि रक्तवाहिन्यांचा विकार, दहा वर्षांहून अधिक काळचा मधुमेह, डोळ्यांचा व मूत्रपिंडांचा विकार, धूम्रपान आणि अनियंत्रित साखर यांचा समावेश होता. स्त्रियांपेक्षा पुरुषांना हा धोका अधिक दिसला.

सौदी अरेबियात सुमारे २५ लाख भारतीय राहतात. रत्नागिरी आणि रायगडमधील कोकणी मुस्लिम कुटुंबांचे आखाताशी जुने नाते आहे. जुबैल, दम्माम, यान्बू, रियाध आणि जेद्दा येथे अभियंते, डॉक्टर, परिचारिका, लेखापाल म्हणून काम करणारे मराठी भाषकही आहेत. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार भारतात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी दाखवून दिल्याप्रमाणे, दिसायला सडपातळ असलेल्या भारतीय माणसाच्या शरीरातही चरबीचे प्रमाण अधिक असू शकते. त्यामुळे मधुमेह भारतीयांना तुलनेने कमी वयात गाठतो. तिशीत मधुमेह सुरू झाला, तर जोखमीची ती दहा वर्षे ऐन नोकरीच्या काळातच पूर्ण होतात.

पाय जखमेला बळी का पडतो

दीर्घकाळ वाढलेल्या साखरेमुळे तीन प्रकारचे मज्जातंतू दुबळे होतात. संवेदना वाहणारे तंतू गेले की वेदना, उष्णता आणि स्पर्श कळेनासा होतो. स्नायूंना आज्ञा देणारे तंतू गेले की बोटे वाकडी होतात आणि तळव्याच्या ठरावीक जागी भार वाढतो. तेथे आधी घट्टा पडतो आणि घट्ट्याखाली जखम तयार होते. घामग्रंथींचे नियंत्रण करणारे तंतू गेले की पायाला घाम येत नाही, कातडी कोरडी पडते आणि टाचेला भेगा पडतात. हवा कोरडी असलेल्या रियाधसारख्या शहरात आणि दिवसभर वातानुकूलित कार्यालयात हा कोरडेपणा आणखी वाढतो.

याच्या जोडीला पोटरीखालील रक्तवाहिन्या अरुंद होतात. रक्त कमी पोहोचले की प्राणवायू, पोषण आणि प्रतिजैविक औषधही कमी पोहोचते. बधिर पाय आणि अपुरा रक्तपुरवठा एकत्र आले, तर लहानशी जखमही पाय गमावण्यापर्यंत जाऊ शकते.

साखर जखमेला कशी रोखते

निरोगी शरीरात जखम ठरावीक क्रमाने भरते. रक्त गोठते, पांढऱ्या पेशी जंतू आणि मृत ऊती दूर करतात, नव्या रक्तवाहिन्या फुटतात, कोलॅजनचे जाळे विणले जाते आणि शेवटी वर कातडी येते. वाढलेली साखर यातील प्रत्येक पायरीवर अडथळा आणते. पांढऱ्या पेशी जखमेपर्यंत उशिरा पोहोचतात आणि जंतू गिळण्याची त्यांची क्षमता घटते. दाह ओसरून दुरुस्ती सुरू व्हायला हवी, तेथे दाहच रेंगाळतो. साखर प्रथिनांना चिकटून त्यांना ताठर बनवते, त्यामुळे नवे कोलॅजन दुबळे राहते. उलटपक्षी, जखमेतील संसर्गामुळे शरीरातील ताणाची संप्रेरके वाढून साखर आणखी चढते. म्हणूनच आहार आणि औषध तेच असताना साखर अचानक वाढली, तर पायाची तपासणी केली पाहिजे.

अभ्यास काय सांगतात

जखम टाळण्याच्या बाबतीत पुरावा भक्कम आहे. १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील डीसीसीटी चाचणीत पहिल्या प्रकारच्या मधुमेहींनी काटेकोर नियंत्रण राखल्यावर मज्जातंतूंच्या विकाराचा धोका सुमारे ६० टक्क्यांनी घटला. ब्रिटनमधील यूकेपीडीएस अभ्यासाच्या २००० मधील विश्लेषणात दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहींत एचबीए१सी १ टक्क्याने कमी असण्याशी, पाय कापावा लागण्याचा किंवा रक्तवाहिन्यांच्या विकाराने मृत्यू येण्याचा धोका ४३ टक्क्यांनी कमी असल्याचे आढळले.

जखम झाल्यानंतरचे चित्र मात्र इतके सरळ नाही. काही अभ्यासांत एचबीए१सी जितके अधिक तितका जखम भरण्याचा वेग कमी दिसला. तर अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्सच्या २०१८ मधील अभ्यासात सुरुवातीच्या एचबीए१सीचा जखम भरण्याशी थेट संबंध आढळला नाही. कॉक्रेन संस्थेने २०१६ मध्ये सर्व उपलब्ध चाचण्यांचा शोध घेतला, तेव्हा केवळ काटेकोर साखरनियंत्रणाने जखम लवकर भरते का, या प्रश्नाचे उत्तर देणारी एकही पूर्ण झालेली चाचणी सापडली नाही. याचा अर्थ साखरेकडे दुर्लक्ष करावे असा नव्हे. साखरनियंत्रण ही उपचाराची पूर्वअट आहे, परंतु ती पूर्ण उपचाराची जागा घेऊ शकत नाही, हाच त्याचा अर्थ.

साखर किती असावी

एचबीए१सी ही चाचणी सुमारे तीन महिन्यांची सरासरी दाखवते. ७ टक्के म्हणजे सरासरी १५४ मिलिग्रॅम, ८ टक्के म्हणजे १८३, ९ टक्के म्हणजे २१२ आणि १० टक्के म्हणजे २४० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर. बहुतेक प्रौढांसाठी ७ टक्क्यांच्या आत राहणे हे उद्दिष्ट असते. वयोवृद्ध, हृदयविकारी किंवा वारंवार साखर घसरणाऱ्या रुग्णांसाठी ८ टक्क्यांपर्यंतची मर्यादा चालते. रुग्णालयात दाखल असताना सामान्यतः १४० ते १८० ही पातळी राखतात. सौदीतील अनेक प्रयोगशाळा साखर मिलिमोलमध्ये नोंदवतात. त्या आकड्याला १८ ने गुणले की भारतात परिचित असलेला मिलिग्रॅमचा आकडा मिळतो. म्हणजे १० मिलिमोल म्हणजे १८० मिलिग्रॅम.

एचबीए१सीचा आकडा प्रत्येक वेळी विश्वासार्ह असतोच असे नाही. पंडुरोग, मूत्रपिंडांचा विकार किंवा सिकलसेल असेल तर तो फसवा ठरतो. ही बाब विदर्भातील कुटुंबांसाठी विशेष महत्त्वाची आहे. कारण तेथील सिकलसेलचा जनुकीय प्रकार आणि सौदीच्या पूर्व प्रांतातील प्रकार एकच असून तो ‘अरब-भारतीय’ या नावानेच ओळखला जातो. अशा रुग्णांसाठी बोटाच्या रक्ताच्या नियमित नोंदी, सतत साखर मोजणारा सेन्सर किंवा फ्रुक्टोसामाइन चाचणी यांचा आधार घेतला जातो.

घाईही अपायकारक ठरते. पुष्कळ काळ चढलेली साखर काही आठवड्यांत एकदम उतरवली, तर मज्जातंतूंच्या तीव्र वेदना उद्भवू शकतात आणि डोळ्यांच्या पडद्याचा विकार बळावू शकतो. गंभीर संसर्ग असताना डॉक्टर अनेकदा गोळ्या थांबवून काही काळ इन्सुलिन देतात. इन्सुलिन म्हणजे आजाराची शेवटची पायरी नव्हे. जखम भरेपर्यंतचा तो तात्पुरता आधारही असू शकतो. एसजीएलटी२ गटातील औषधे पायावर जखम असताना नव्याने सुरू करू नयेत, असे सध्याच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना सांगतात. आधीपासून घेत असलेल्यांनी ती परस्पर बंद न करता डॉक्टरांना विचारावे.

साखरेखेरीज तीन गोष्टी

पहिली गोष्ट म्हणजे दाब काढणे. हे ज्ञान मधुमेहाच्या दवाखान्यात नव्हे, तर कुष्ठरोगाच्या उपचारातून पुढे आले. भारतात जन्मलेले शल्यचिकित्सक डॉ. पॉल ब्रँड १९४६ मध्ये वेल्लोरला रुजू झाले. कुष्ठरुग्णांच्या पायांची झीज मांस कुजल्यामुळे नव्हे, तर वेदनाच नसल्यामुळे होते, हे त्यांच्या लक्षात आले. बधिर पायावर चालणे थांबवले, तर जखम भरते. त्यासाठी पायाला घट्ट बसणारे प्लास्टर वापरले जाई. पुढे अमेरिकेत गेल्यावर त्यांनी ही पद्धत मधुमेही पायांसाठी रुजवली. कुष्ठरुग्णांसाठी भारतात वापरात आलेली एमसीआर रबराची मऊ चप्पल वरोऱ्याच्या आनंदवनासारख्या संस्थांशी परिचय असलेल्यांना ठाऊक असते. तिचे तत्त्वही हेच आहे.

२००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी चाचणीत १२ आठवड्यांत प्लास्टर घातलेल्यांपैकी ८९.५ टक्के रुग्णांच्या जखमा भरल्या. काढता येणारा बूट वापरणाऱ्यांत हे प्रमाण ६५ टक्के, तर अर्ध्या तळाचे पादत्राण वापरणाऱ्यांत ५८.३ टक्के होते. या फरकामागील एक कारण पुढील अभ्यासात दिसले : काढता येणारा बूट मिळालेले रुग्ण दिवसभरातील जेमतेम २८ टक्के पावलेच तो घालून टाकत होते. घरात ‘दोन पावले’ बूट न घालता टाकण्याची सवय जखमेला महागात पडते.

दुसरी गोष्ट रक्तपुरवठा. घोट्याजवळील आणि दंडातील रक्तदाबाचे गुणोत्तर ०.९ पेक्षा कमी असेल, तर रक्तवाहिनी अरुंद झाल्याचे समजतात. मधुमेहात रक्तवाहिन्या कडक झाल्याने हा आकडा खोटा वाढलेला दिसू शकतो. म्हणून अंगठ्यातील रक्तदाब मोजणे अधिक उपयुक्त ठरते. रक्त पोहोचत नसेल, तर फुगा घालून वाहिनी रुंद करणे किंवा बायपास शस्त्रक्रिया करणे हाच उपाय असतो. धूम्रपान सुरू ठेवून हे उपचार टिकत नाहीत. हुक्क्यालाही तोच नियम लागू होतो.

तिसरी गोष्ट संसर्ग आणि मृत ऊती. प्रशिक्षित व्यक्तीने मृत भाग काढून टाकणे, जखमेत बोथट सळई घालून ती हाडाला लागते का हे पाहणे आणि क्ष-किरण चित्र काढणे ही प्राथमिक तपासणी आहे. संसर्गाची चिन्हे नसतील, तर प्रतिजैविकांनी जखम भरत नाही. हळद, मध, हिराबोळ, कलौंजी यांचे लेप, तसेच हायड्रोजन पेरॉक्साइडने वारंवार धुणे या गोष्टींनी मोलाचा वेळ वाया जातो. चार आठवड्यांत जखमेचे क्षेत्र निम्म्याने कमी झाले नाही, तर उपचारांचा पुनर्विचार करावा, हा सोपा निकष आहे. त्यासाठी दर आठवड्याला शेजारी मोजपट्टी ठेवून जखमेचे छायाचित्र काढावे.

ऊन, वुजू, रमजान आणि हज

सौदीच्या उन्हाळ्यात डांबर, फरशी आणि गाडीतील पेडल इतके तापतात की बधिर पाय न कळता भाजतो. जून २०२४ मध्ये हजच्या काळात मक्केतील मस्जिद-अल-हरम येथे ५१.८ अंश सेल्सिअस तापमान नोंदवले गेले. तवाफच्या प्रांगणातील पांढरा संगमरवर उष्णता परावर्तित करतो. परंतु बाहेरच्या वाटांवर ती सोय नसते. हजमध्ये अनवाणी चालल्याने तळवे भाजलेल्या मधुमेहींच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत. सफा आणि मरवा यांमधील सईच्या सात फेऱ्यांचेच अंतर तीन किलोमीटरहून अधिक भरते. भारतातून उमराह किंवा हजसाठी येणाऱ्या वडीलधाऱ्यांनी इहराममध्ये चालणाऱ्या, मऊ तळाच्या, आधी काही आठवडे वापरून सैल झालेल्या चपला आणाव्यात. चपला ठेवण्यासाठी पिशवी जवळ बाळगावी आणि जखम असेल तर चाकाची खुर्ची वापरण्यात कमीपणा मानू नये. नवस म्हणून अनवाणी देवदर्शन करणाऱ्यांसाठीही हाच सल्ला आहे.

वुजू करताना किंवा आंघोळीनंतर बोटांच्या बेचक्या ओल्या राहिल्या, तर तेथे बुरशी वाढते आणि कातडी फाटते. बेचक्या टिपून कोरड्या कराव्यात. तळव्याला आणि टाचेला मलम लावावे, बेचक्यांत लावू नये. पाण्याचे तापमान पायाने नव्हे, कोपराने पाहावे.

रमजानमध्ये जेवणाच्या वेळा उलटतात. तेरा देशांत झालेल्या एपिडायर अभ्यासात या महिन्यात साखर धोकादायकरीत्या घसरण्याचे प्रमाण पहिल्या प्रकारच्या मधुमेहींत ४.७ पट, तर दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहींत ७.५ पट वाढल्याचे दिसले. साखर ७० च्या खाली किंवा ३०० च्या वर गेल्यास रोजा सोडावा, असे वैद्यकीय मार्गदर्शक सूचनांत म्हटले आहे. बोटातून रक्त घेऊन तपासल्याने रोजा मोडत नाही, हेही त्यांत स्पष्ट केले आहे. संसर्ग झालेली जखम हा तीव्र आजार आहे. अशा वेळी उपवासाचा निर्णय रमजानपूर्वी सहा ते आठ आठवडे डॉक्टरांशी बोलून घ्यावा.

नोकरी, रजा आणि विमा

जखम लपवण्यामागे बहुधा नोकरीची भीती असते. ‘सुट्टीत गावी गेल्यावर दाखवू’ हे वाक्य मराठी घरांत सर्रास ऐकू येते. सौदी कामगार कायद्यानुसार वैद्यकीय प्रमाणपत्र असल्यास वर्षभरात ३० दिवस पूर्ण पगारी, पुढील ६० दिवस तीन-चतुर्थांश पगारी आणि त्यापुढील ३० दिवस बिनपगारी आजारपणाची रजा मिळते. प्लास्टरच्या उपचाराला लागणारे १२ आठवडे या मुदतीत बसतात. पाय कापावा लागल्यानंतरचे आयुष्य मात्र कोणत्याही रजेत बसत नाही. १५ जून ते १५ सप्टेंबर या काळात दुपारी १२ ते ३ उघड्यावर काम करण्यास मनाई आहे, हे प्रकल्पस्थळी काम करणाऱ्यांनी लक्षात ठेवावे.

खासगी क्षेत्रातील कर्मचाऱ्याचा आणि त्याच्या अवलंबितांचा आरोग्य विमा काढणे मालकावर बंधनकारक आहे. व्हिजिट व्हिसावर आलेल्या आईवडिलांचा विमा मुख्यतः तातडीच्या उपचारांपुरता असतो. त्यामुळे निघण्यापूर्वी भारतातच पायाची तपासणी करून घेणे शहाणपणाचे. आरोग्य मंत्रालयाचा सल्ला ९३७ या क्रमांकावर मिळतो, तर रुग्णवाहिकेसाठी ९९७ हा क्रमांक आहे. महाराष्ट्रातही या विषयाची स्वतंत्र परंपरा आहे. मुंबईचे शल्यचिकित्सक डॉ. अरुण बाळ हे डायबेटिक फूट सोसायटी ऑफ इंडियाचे संस्थापक अध्यक्ष होते, नागपूरचे डॉ. शरद पेंडसे यांनी ‘स्टेप बाय स्टेप’ प्रकल्पाद्वारे डॉक्टर आणि परिचारिका यांना जोडीने पायाच्या उपचाराचे प्रशिक्षण दिले.

रोजची पाहणी आणि धोक्याच्या खुणा

रात्री झोपण्यापूर्वी दोन्ही तळवे, टाचा आणि बेचक्या उजेडात पाहाव्यात. वाकता येत नसेल तर आरसा वापरावा किंवा घरातल्यांची मदत घ्यावी. बूट घालण्यापूर्वी आत हात फिरवावा. नखे सरळ कापावीत. कुरूप किंवा घट्टा ब्लेडने कापू नये, कॉर्नकॅप लावू नये. पायाला नीट बसणाऱ्या, नव्या चपला संध्याकाळी खरेदी कराव्यात, कारण तेव्हा पाय किंचित सुजलेले असतात. वर्षातून किमान एकदा दहा ग्रॅम मोनोफिलामेंटने पायाची जाणीव तपासून घ्यावी. ती कमी झाली असेल, तर ही तपासणी अधिक वेळा व्हायला हवी.

पुढील खुणा दिसल्यास त्याच दिवशी रुग्णालय गाठावे : जखमेभोवती पसरत जाणारा लालपणा, पू किंवा दुर्गंधी, ताप व थंडी, काळे किंवा निळे पडलेले बोट, विश्रांती घेतानाही होणारी पायाची वेदना आणि साखरेत अचानक झालेली वाढ. जखम नसतानाही एक पाय लाल, गरम आणि सुजलेला दिसला, तर तो शार्को सांध्याचा विकार असू शकतो. त्या पायावर भार देणे लगेच थांबवावे.

जखम भरली म्हणजे काम संपले असे नाही. भरलेल्या जखमांपैकी सुमारे ४० टक्के वर्षभरात आणि सुमारे ६५ टक्के पाच वर्षांत पुन्हा उद्भवतात. कारण बधिरपणा, वाकडी बोटे आणि अरुंद वाहिन्या तशाच राहतात. योग्य पादत्राणे, रोजची पाहणी आणि आटोक्यातील साखर या तीन गोष्टी तेव्हापासून आयुष्यभरासाठी असतात. ताज्या जखमेच्या पहिल्या आठवड्यांत दाब, रक्तपुरवठा आणि संसर्ग यांच्यावर तातडीने उपचार व्हावेत आणि त्याच दिवसापासून साखरेचे नियंत्रणही सुरू व्हावे. एकाच्या यशाची वाट पाहत दुसरे पुढे ढकलू नये. पाय वाचण्याची शक्यता याच शिस्तीने वाढते.